रेशमाची चित्रं आणि चित्रांचा खाका

एकोणिसाव्या शतकात कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझौच्या, चित्रशाळांनी परदेशी व्यापाऱ्यांना रेशीमकामाचे जलरंगी चित्रसंच विकले. ते पाहताना वाटतं, चित्रकार कीटकघराच्या उंबऱ्यावरच बसला असावा. कागदावरचे अंडीपुंज, तुतीच्या पाल्याच्या टोपल्या, चार वेळा कात टाकून पोसलेल्या अळ्या, चंद्रिकेवरचे, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीवरचे, कोष आणि शेवटी माग, सगळं क्रमानं येतं. तरीही माझं मत असं, की यातली बहुतेक चित्रं रेशीमघर पाहून काढलेली नाहीत, आधीची चित्रं पाहून काढलेली आहेत. आणि त्यांची साक्ष घ्यायची ती हे लक्षात ठेवूनच.

या क्रमाचं मूळ फार जुनं आहे. 1145च्या सुमारास हांगझौजवळच्या यूछियानचा अधिकारी लौ शोउ यानं शेतीचे 21 आणि रेशमाचे 24 प्रसंग रंगवले, आणि ते दक्षिण सोंग सम्राट गाओझोंगपर्यंत पोचले. मूळ चित्रं आज नाहीत, नकला मात्र पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या. 1696 मध्ये कांगशी सम्राटाच्या आज्ञेनं दरबारी चित्रकार च्याओ बिंगचन यानं दोन्ही कामांचे 23-23 प्रसंग नव्यानं रेखाटले, ते लाकडी ठशांवरून छापले गेले आणि ही मालिका सर्वदूर गेली. कँटनच्या चित्रशाळांना तयार क्रम मिळाला. ठरलेल्या खाक्यावरून बाह्यरेषा उतरवायची आणि रंग भरायचे, अशी तिथली रीत होती.

यावर कोणी म्हणेल, कँटनच्या आसपासच भरपूर रेशीम पिकत होतं, मग चित्रकारांनी ते पाहिलं नसेल कशावरून? पाहिलंही असेल, पण चित्रात ते उतरलेलं नाही. शुन्द, नानहाय या भागात माशांच्या तळ्यांच्या बांधावर तुती लावत. अळ्यांची विष्ठा माशांना खाद्य म्हणून जाई, तळ्याचा गाळ तुतीला खत म्हणून येई, आणि उबदार हवेमुळे वर्षातून अनेक पिकं निघत. लौ शोउची मालिका मात्र उत्तरेकडच्या, चच्यांगमधल्या वसंतातल्या पिकाची. तिच्यात कोष विणणाऱ्या अळ्यांना विस्तवाची ऊब देण्याचा स्वतंत्र प्रसंग आहे, पण तळ्याला जागाच नाही. गिऱ्हाइकालाही हा फरक कळायचा नाही, कारण 1842 पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना कँटनमध्ये नदीकाठच्या वखारींपलीकडे मोकळेपणानं फिरता येत नसे.

मग ही चित्रं पुरावा म्हणून निकामी ठरवायची का? मुळीच नाही. कोषातून धागा काढण्याचा प्रसंग नीट पाहावा. चुलीवरच्या कढईत कोष तरंगताहेत. गरम पाण्यानं त्यांचा डिंक सैल झाला आहे. बाई काडीनं तंतूंची टोकं उचलते. एक तंतू वापरण्याजोगा नसतोच, म्हणून अनेक कोषांचे तंतू एका छिद्रातून ओवून त्यांचा एक धागा केला जातो. पायाखालची पावडी दाबली की मोठा रहाट फिरतो, दोन्ही हात कढईसाठी मोकळे राहतात, आणि मधली सरकती काठी धागा एकाच जागी साचू देत नाही. हे यंत्र कल्पनेतून सुचणारं नाही. कुणीतरी ते चालताना पाहिलं होतं, आणि नकलाकारांच्या इमानी हातांनी ते शतकानुशतकं जपलं. नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो, पण मूळ चित्रं गेल्यावर आपल्या हाती राहिलं ते नकलेमुळेच. खाक्यानं गमावलं ते माणसांचं जगणं. बायांची वस्त्रं नीटनेटकी, चेहरे शांत. दिवसभर कढत पाण्यात बुडणाऱ्या बोटांची दशा, मजुरी, कोषातल्या मेलेल्या किड्यांचा वास यांचा मागमूस नाही.

1872 मध्ये चन छीयुआन यांनी नानहायमध्ये वाफेवर चालणारा रेशीम कारखाना उभारला. 1881 मध्ये तिथल्या विणकरांनी अशा कारखान्यावर हल्ला केला, कारण कच्चं रेशीम कारखान्यांमार्फत परदेशी जाऊ लागलं आणि हातमागांना सूत पुरेना. कँटनपासून हे फार दूर घडत नव्हतं. लौ शोउच्या क्रमात मात्र बाई अजून चुलीशीच बसलेली होती, पाय पावडीवर ठेवून.