अब्द आणि त्याचा धनी

सौदी अरेबियाच्या वायव्येला हेग्रा नावाचे नबाती लोकांचे जुने शहर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथल्या वालुकाश्मात भव्य थडगी खोदली गेली आणि काहींवर पाथरवटांनी आपली नावेही कोरली. त्यांतला एक अब्द-ओबोदत, वहब-अल्लाहीचा मुलगा. बापाचे नाव म्हणजे अल्लाहची देणगी. मुलाचे नाव म्हणजे ओबोदतचा दास. ओबोदत हा नबाती राजा, मरणानंतर देवपदाला पोचलेला. इस्लामच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी एकाच घरात ही दोन नावे नांदत होती.

अब्दुल्ला, अब्दुर्रहमान ही आज आडनावे म्हणूनही जगभर दिसणारी नावे याच घराण्यातली. ‘अब्द’ म्हणजे दास, सेवक, आणि ही धाटणी एकट्या अरबांची नव्हे. बायबलमधल्या ओबद्याच्या नावात तोच धातू आहे. फिनिशियन लोक आपल्या मेलकार्त देवावरून मुलाला अब्दमेलकार्त म्हणत.

मक्केतही असेच चाले. उमय्या खलिफांच्या पूर्वजाचे नाव अब्द शम्स, सूर्याचा दास. पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू लहब याचे मूळ नाव अब्दुल उज्जा, उज्जा देवीचा दास. आणि खुद्द पैगंबरांचे वडील अब्दुल्ला. इस्लामने ही चौकट मोडली नाही, तिच्यातला धनी तेवढा एकच ठेवला. उज्जा गेली, सूर्य गेला. त्यांच्या जागी अल्लाहची गुणनामे आली. दयाळू तो रहमान, राजा तो मलिक, सर्वशक्तिमान तो कादिर. जेरुसलेमचा घुमट उभारणारा खलिफा अब्दुल मलिक 685 साली गादीवर आला. साम्राज्याचा धनी आणि नाव ‘राजाचा दास’! मला या नावांचा खरा डौल इथे दिसतो.

अरब ख्रिस्ती लोकांनीही हीच चौकट वापरली: अब्दुल मसीह, ख्रिस्ताचा दास. ऑटोमन दफ्तरांत तर तिला वेगळेच काम मिळाले. धर्मांतरिताच्या बापाचे ख्रिस्ती नाव न लिहिता ‘अब्दुल्लाचा मुलगा’ असे लिहीत, कारण देवाचा दास कोण नाही? थोर स्थपती सिनानच्या बापाची नोंदही अशीच, अब्दुल मन्नान.

अरबांत पूर्वी ठरावीक आडनाव नसे. स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आजोबाचे. आधुनिक नोंदवह्यांना शेवटी एक नाव हवे झाले, तेव्हा बापाचे किंवा पूर्वजाचे नाव तिथे बसले. मोडतोड इथून सुरू झाली. ‘अब्दुल’मधला ‘उल’ पुढच्या शब्दाचा, त्यामुळे नुसते ‘अब्दुल’ म्हणजे ‘…चा दास’ असे अर्धे वाक्य. इजिप्तच्या गमाल अब्देल नासर यांना वडिलांचे नाव आडनावासारखे लागले आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यातला दास गाळून ‘नासर’ तेवढे ठेवले. साहाय्य आणि विजय देणारा तो नासर. माणसाच्या वाट्याला देवाचेच नाव आले.

कोकणी मुसलमानांत आडनावे बहुधा वेगळी असतात, म्हणून अब्दुल रहमान हे पाळण्यातले नाव म्हणून टिकते. 1980 साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले हे अब्दुल रहमान. कागदोपत्री मात्र ‘ए. आर.’ झाले, दास एका अक्षरात आणि धनी दुसऱ्यात.