ऑनलाइन विक्री : परत आलेल्या मालाचा भार विक्रेत्यावर

ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा-तोटा विक्रीइतकाच परत येणाऱ्या मालावरही अवलंबून असतो. ग्राहकाच्या खात्यात पैसे जमा झाले की त्याच्यापुरता व्यवहार संपतो. विक्रेत्याचा हिशेब मात्र तेथून सुरू होतो. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील असंख्य लहान व्यापाऱ्यांना हा प्रश्न जवळचा आहे.

गांधीनगरची तयार कपड्यांची बाजारपेठ, सदर बाजार, करोल बाग आणि नेहरू प्लेस येथील व्यापार पिढ्यान्‌पिढ्या किंवा अनेक दशके समोरासमोरच्या व्यवहारावर चालत आला. दिल्लीत २०१० मध्ये सुरू झालेल्या स्नॅपडीलने पुढे बाजारपेठेचे रूप घेतले, तर अॅमेझॉनने भारतातील आपली बाजारपेठ जून २०१३ मध्ये सुरू केली. त्यानंतर या व्यापाऱ्यांना देशभरचा ग्राहक मिळाला आणि त्याबरोबर देशभरातून परत येणारा मालही.

मालपरतीचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात वस्तू ग्राहकाच्या हाती पडतच नाही. पत्ता सापडत नाही, किंवा वस्तू मिळाल्यावर रोख पैसे देण्याचा पर्याय निवडलेला ग्राहक दारातूनच पार्सल परत पाठवतो. दुसऱ्या प्रकारात ग्राहक वस्तू स्वीकारतो आणि मुदतीत परत करतो. वस्तू सदोष असणे, माप न जुळणे किंवा केवळ मत बदलणे ही त्याची कारणे असतात.

परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा, हे बाजारपेठेच्या विक्रेत्याशी झालेल्या करारावर आणि परतीच्या कारणावर अवलंबून असते. उदाहरणादाखल, ६०० रुपयांच्या कुर्त्यावर विक्रेत्याला १०० रुपये नफा सुटतो असे मानू. कुर्ता परत आला आणि दलाली माफ झाली, तरी पाठवणीचे ७०, परतीचे ९० आणि वेष्टनाचे १० असे १७० रुपये त्याच्या अंगावर पडू शकतात. म्हणजेच एक परती जवळजवळ दोन विक्रींचा नफा खाऊन टाकते. कुर्ता मळलेला किंवा फाटलेला निघाला, तर मालाचे नुकसान वेगळेच.

कायद्यातील स्थान

केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये थेट परकीय गुंतवणुकीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार बाजारपेठ चालवणारी कंपनी ग्राहक आणि विक्रेता यांना जोडणारा दुवा ठरते, तर मालाच्या हमीची जबाबदारी विक्रेत्याकडे राहते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी विसंगत असल्यास ती परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. विहित वेळेनंतर पोहोचलेल्या वस्तूलाही हेच लागू आहे. मात्र आवाक्याबाहेरील आपत्तीमुळे झालेला विलंब त्यातून वगळला आहे.

केवळ मत बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन या तरतुदीत नाही. ती सवलत बाजारपेठांच्या धोरणातून येते. धोरण बाजारपेठ ठरवते. त्याचा खर्च बव्हंशी विक्रेता उचलतो.

विक्रेत्यासाठी दाद मागण्याचा मार्ग अरुंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्येनुसार व्यापारी हेतूने सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक ठरत नाही. त्यामुळे बाजारपेठेविरुद्धची तक्रार सर्वसाधारणपणे ग्राहक आयोगापुढे नेता येत नाही. करारातील तक्रार यंत्रणा, लवाद किंवा दिवाणी न्यायालय हेच मार्ग उरतात.

भरपाईची प्रक्रिया

परत आलेली वस्तू बदललेली, वापरलेली किंवा मोडलेली असल्यास, अथवा ती वाटेत हरवल्यास, विक्रेत्याला भरपाईचा दावा करता येतो. अॅमेझॉनवर ‘सेफ-टी’ दावा, तर फ्लिपकार्टवर ‘सेलर प्रोटेक्शन फंड’ या नावाने अशी व्यवस्था आहे. दाव्याला मुदत असते आणि छायाचित्रांसारखा पुरावा जोडावा लागतो. म्हणून अनेक विक्रेते माल बांधताना आणि परत आलेले पार्सल उघडताना चित्रीकरण करून ठेवतात. दुकानात एकट्याने काम करणाऱ्या व्यापाऱ्याला हा वेळही खर्चातच धरावा लागतो.

करांचा हिशेब

वस्तू व सेवा कर कायद्यातील कलम ५२ नुसार बाजारपेठ विक्रेत्याच्या विक्रीवर उगमस्थानी कर वसूल करते. हा दर १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्का होता. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का करण्यात आला. हा कर परत आलेला माल वजा करून उरलेल्या मूल्यावर आकारला जातो. परत आलेल्या मालावर भरलेला कर कमी करून घेण्यासाठी विक्रेत्याने जमापत्र काढणे आवश्यक असते. त्याचा तपशील आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर, द्यावा लागतो. ही मुदत चुकल्यास न झालेल्या विक्रीचा करही विक्रेत्याच्याच पदरी पडतो.

विनाशुल्क परतीमुळे ग्राहकाचा न पाहिलेल्या दुकानावर विश्वास बसला आणि ऑनलाइन व्यापार वाढला, हे खरेच. परंतु ग्राहकाला जे विनाशुल्क मिळते, त्याचे मूल्य कोणीतरी चुकते करतच असते. वस्तूची किंमत ठरवताना परतीचा संभाव्य खर्च न धरणाऱ्या विक्रेत्याला विक्री वाढूनही तोटा होऊ शकतो.