रॉझवेल १९४७ : स्पष्टीकरणं अनेक, कसोटी एकच

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की आपण पटकन दोन गटांत वाटले जातो. एक म्हणतो, सगळं थोतांड. दुसरा म्हणतो, सरकार काहीतरी लपवतंय. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर दोन्ही गट थोडे बाजूला ठेवा आणि अमेरिकेतलं रॉझवेल प्रकरण तारखा लावून वाचा.

आधी क्रम बघू. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ वेगवान वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि वृत्तपत्रांमुळे 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द सगळीकडे पोहोचला. ८ जुलैला न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल हवाई तळाने तबकडी हाती लागल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी वरिष्ठांचा खुलासा आला : तो हवामानाचा फुगा आहे. ज्याला अवशेष सापडले त्या ब्रेझलची मुलाखत ९ जुलैला स्थानिक दैनिकात छापून आली. त्यात रबराच्या पट्ट्या, चंदेरी वर्ख, चिवट कागद आणि काड्या यांचं वर्णन आहे. मग सुमारे तीस वर्षं विषय थंड पडला.

१९७८ मध्ये, ते अवशेष गोळा करणारे निवृत्त अधिकारी जेसी मार्सेल सांगू लागले की ती वस्तू पृथ्वीवरची नव्हती. १९८० मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि परग्रहवासीयांच्या मृतदेहांची कथाही वाढत गेली. १९९४ मध्ये हवाई दलाने वेगळंच उत्तर दिलं : ते अवशेष बहुधा 'प्रोजेक्ट मोगल'चे, म्हणजे सोव्हिएत अणुस्फोटांच्या ध्वनिलहरी उंचावर टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांच्या माळेचे. १९९७ मध्ये मृतदेहांचाही उलगडा केला गेला : ते विमानातून आणि फुग्यांवरून चाचणीसाठी टाकलेले पुतळे.

आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारा : तुमचं साधन घटनेच्या किती जवळचं? मार्सेल यांची साक्ष तीस वर्षांनंतरची, ब्रेझलचं वर्णन त्याच आठवड्यातलं. इथे फुग्याचं पारडं जड होतं. पण मग हवाई दलालाही सूट नाही. पुतळ्यांच्या चाचण्या १९५० च्या दशकातल्या आहेत. त्या १९४७ च्या आठवणींत मिसळल्या, असं गृहीत धरावं लागतं. मोगलबद्दलही वाद आहे. ४ जूनच्या उड्डाणाकडे बोट दाखवलं जातं, पण प्रकल्पातले शास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेरी यांच्या रोजनिशीत त्या दिवशी ढगांमुळे उड्डाण झालं नाही, अशी नोंद आहे. गंमत म्हणजे तिथेच पुढे, फुग्यांच्या घोसाला मायक्रोफोन बांधून वर सोडल्याचंही लिहिलंय. नोंद एकच, आणि दोन्ही बाजू तिचा आधार घेतात. म्हणून अवतरण दिसलं की मूळ नोंद पूर्ण वाचायची.

मोगल गुप्त होता, त्यामुळे १९४७ च्या खुलाशात पूर्ण गोष्ट आली नसणार. पण काहीतरी लपवलं गेलं, एवढ्यावरून ते परग्रहावरचं यान ठरत नाही. अणुचाचण्यांवरची पाळत हेच लपवायला पुरेसं कारण होतं. उद्या तुमच्या विषयातली एखादी फाइल अभिलेखागारात सापडणार नाही. तेव्हा त्या रिकाम्या जागेत आपल्याला हवं ते भरायचा मोह होईल. तो आवरा, आणि जे स्पष्टीकरण तुम्हाला सगळ्यात जास्त पटतंय त्याचीच उलटतपासणी आधी घ्या.