मानेच्या व मेंदूच्या सीटी अँजिओग्राफीत किरणे आणि कॉन्ट्रास्टची मात्रा कमी कशी करतात?

दूधगंगेकाठच्या सदलग्यात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, की नातेवाईक रुग्णाला घेऊन चिकोडी, निपाणी आणि तेथून बेळगाव, कोल्हापूर वा मिरजेकडे धाव घेतात. मोठ्या रुग्णालयात अशा वेळी बहुधा सीटी अँजिओग्राफी होते. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देऊन महाधमनीच्या कमानीपासून मेंदूपर्यंतच्या धमन्यांचे चित्रण केले जाते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात ही तपासणी परकी राहिलेली नाही. धूम्रपान आणि मधुमेह मानेतील धमन्या अरुंद करतात.

या तपासणीत रुग्णाला काही मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. धोका अल्प असला, तरी थायरॉईड आणि डोळ्याचे भिंग किरणांच्या वाटेवरच येतात. कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडांवर पडतो. ती आधीच दुबळी असतील तर काळजी अधिक.

दोन्ही मात्रा एकत्र कमी करण्याची गुरुकिल्ली आयोडीनच्याच गुणधर्मात आहे. ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वर आयोडीन क्ष-किरण सर्वाधिक शोषते. नळीचा दाब १२० किलोव्होल्टवरून १०० किंवा ८०वर आणला, की किरणांची सरासरी ऊर्जा या बिंदूच्या जवळ येते आणि धमनी अधिक उजळ दिसते. विद्युतप्रवाह तोच ठेवला तर ८० किलोव्होल्टवर किरणमात्रा निम्म्याहून खाली येते. एरवी ६० ते ८० मिलिलिटर लागणारे औषध मग बरेच कमी पुरते. मात्र चित्रात दाणेदारपणा वाढतो. तो संगणकीय पुनर्रचनेने आवरता येतो, पण खांद्यांपाशी हाडांचा अडसर असतो आणि स्थूल रुग्णात ८० किलोव्होल्ट अपुरे पडतात. अशा वेळी मात्रा कमी करण्याचा हट्ट धरल्यास चित्र निरुपयोगी ठरून तपासणी पुन्हा करावी लागते. ही बचत नव्हे.

तंत्रज्ञाची सावधगिरीही तितकीच मोलाची. औषध शक्यतो उजव्या हातातून दिले जाते, कारण डावीकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतील दाट औषध चित्रावर पट्टे उमटवते. औषधामागून सलाइन सोडल्यास नळीत आणि शिरेत रेंगाळलेले औषध कामी येते. धमनीत औषध पोहोचताच यंत्राने चित्रण सुरू केले, तर अंदाजाने अधिक औषध देण्याची गरज उरत नाही.

पक्षाघाताचा संशय असताना मात्र किरणांच्या भीतीने तपासणी टाळू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून तातडीच्या प्रसंगी क्रिएटिनिनच्या अहवालासाठीही सहसा थांबत नाहीत. पूर्वनियोजित तपासणीत तो अहवाल आधी पाहतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा पूर्वीची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना सांगावे.

निपाणीत किंवा चिकोडीत सीटी झाली असेल, तर पुढच्या रुग्णालयात केवळ कागदी अहवाल नव्हे, चित्रांची सीडीही सोबत न्यावी. तीच तपासणी दुसऱ्यांदा झाली, तर किरणेही दुप्पट आणि औषधही.