पिस्तुलाचा भरवसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत एक निवृत्त फौजदार राहत. सगळा मोहल्ला त्यांना फौजदारचाचा म्हणायचा. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसले की त्यांच्याकडे पंढरपूर रस्त्याकडचे एक बागायतदार येत. मळ्यात एकटी वस्ती, म्हणून त्यांनी परवाना काढून पिस्तूल घेतले होते. चाचांचा जीव मात्र रिव्हॉल्व्हरवर. दोघांचा वाद ठरलेला.

बागायतदार म्हणायचे, ‘‘फौजदारसाहेब, तुमचं ते चक्राचं यंत्र जुनं झालं. माझं बघा कसं चपटं आहे. कमरेला लावलं तर सदऱ्याखाली दिसतसुद्धा नाही.’’

चाचा म्हणायचे, ‘‘मालक, जुनं आहे, पण रुसत नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरं हजर. तुमचं अडकलं तर चोर काय हात बांधून थांबणार आहे?’’

मी कवितेचा माणूस. शस्त्र हातात धरण्याचा प्रसंग आला नाही आणि यावा अशी इच्छाही नाही. पण पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की ओट्यावरचा तो वाद फार जुना आहे. ‘ऐनवेळी हे चालेल का?’ हा प्रश्न आपल्या देशाच्या इतिहासात काही माणसांनी फार गंभीरपणे विचारला आहे. त्या प्रश्नाची एक वाट आमच्या सोलापुरातूनही जाते.

आधी वाद समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते. त्यात बहुधा सहा घरे. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते. सगळे काम बोटाच्या जोरावर. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तसे नाही. त्याची काडतुसे मुठीच्या आत मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत बसवतो. नेमबाजाने प्रत्येक गोळीला फक्त चाप ओढायचा. यंत्र चपटे, गोळ्या जास्त, पुन्हा भरायला सोपे. पण या साखळीतला एक दुवा निसटला, काडतूस कमजोर निघाले, स्प्रिंग मळली, टरफल अडकले किंवा मनगट सैल पडले, की पिस्तूल मुके. म्हणूनच ब्रिटिश लष्कराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या अधिकाऱ्यांच्या कमरेचा वेब्ली रिव्हॉल्व्हर सोडला नाही. चिखलामातीतही तो चालतो, हा त्यांचा अनुभव होता.

चपट्या पिस्तुलाला खरे रूप दिले ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने. बेल्जियममधल्या हर्स्टल गावच्या कारखान्यातून त्याचे पिस्तूल १९०० साली बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या लाखो प्रती खपल्या. फ्रान्समध्ये तर ‘ब्राउनिंग’ म्हणजेच पिस्तूल असा अर्थ रूढ झाला. लहान, झाकायला सोपे, झटपट चालणारे. ज्यांना शस्त्र लपवूनच न्यायचे होते, त्यांचे लक्ष तिकडे जाणे साहजिक होते.

१९०९ साल पाहा. लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कोल्ट कंपनीचे स्वयंचलित पिस्तूल विकत घेतले. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या खोलीत ते काही महिने सराव करत होते. १ जुलैला, म्हणजे कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या त्याच दिवशी, त्यांनी तिथे अठरा फुटांवरच्या निशाण्यावर बारा गोळ्या मारल्या. अकरा लागल्या. त्या खोलीच्या मालकाने हे न्यायालयात सांगितले. शस्त्राची आणि हाताची एवढी चोख परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल. पण त्याच रात्री वायलींना वाचवायला पुढे धावलेले पारशी डॉक्टर कावसजी लालकाका हेही त्या गोळ्यांना बळी पडले. लालकाकांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. अठरा फुटांवरच्या सरावात मध्ये कोणी धावत येत नसते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला परतला. त्याच्या पेटीला खोटा तळ होता आणि तळाखाली सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाच्या निमित्ताने ‘शारदा’ नाटक होते. विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरे यांनी तिथे जॅक्सनना गोळ्या घातल्या. शस्त्र त्या वीसांपैकीच होते. यंत्राने दगा दिला नाही. दगा दिला तो माणसाने. तोच चतुर्भुज अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकर अंदमानात गेले. त्यांच्यावरच्या आरोपांत ती पिस्तुले होतीच.

पुढच्या पिढीच्या हातात कोल्ट आले. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांनी. मग भगतसिंगांनी. मारायचे होते स्कॉटला. लाला लजपतराय यांच्यावरच्या लाठीहल्ल्याबद्दल क्रांतिकारकांचा राग त्याच्यावर होता. समोर आला साँडर्स. पिस्तूल बरोबर चालले, माणूस दुसरा होता. पाठलाग करणारा चननसिंग नावाचा हिंदी शिपाईही त्या दिवशी मेला. भगतसिंगांचे .३२ कोल्ट, नंबर १६८८९६, पुढे कित्येक वर्षे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात काळा रंग फासून इतर शस्त्रांत पडून होते. २०१६ साली नंबरावरून त्याची ओळख पटली. आज ते हुसैनीवाला येथे आहे. चंद्रशेखर आझादांनी तर आपल्या कोल्टला ‘बमतुल बुखारा’ असे लाडाचे नाव ठेवले होते. मालकाचे आपल्या शस्त्राविषयीचे मत याहून स्पष्ट काय असणार? २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या बागेत शेवटची गोळी त्यांनी स्वतःसाठी ठेवली. ते पिस्तूल तिथल्याच संग्रहालयात आहे.

पण पिस्तुलाने साथ दिली नाही असेही दिवस होते. फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात भगवानदास माहौर यांनी जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष या माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. दोन वर्षांनी बिहारात बेतियाला बैकुंठ शुक्ल यांनी घोषला मारले ते खुकरीने.

आता आमच्या सोलापूरकडे येतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि हे गिरणगाव पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. जमावाने पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. १२ मेपासून शहरावर मार्शल लॉ आला. तिरंगा हाती घेणे हा गुन्हा ठरला आणि त्यासाठी वर्षानुवर्षांच्या शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे तरुण संपादक कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. पोलिसांना मारल्याचा आरोप चौघांनाही शेवटपर्यंत मान्य नव्हता, हे सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कुर्बान हुसेन यांच्याजवळ लेखणी होती. आम्ही लहानपणी त्यांचे नाव ऐकले ते वर्तमानपत्र चालवणारा माणूस म्हणून.

या फाशीचा राग पुण्यातल्या एका विद्यार्थ्याच्या मनात धुमसत होता. नाव वासुदेव बळवंत गोगटे. मार्शल लॉच्या काळात मुंबई सरकारात गृहखाते सांभाळणारे सर अर्नेस्ट हॉटसन १९३१ च्या उन्हाळ्यात हंगामी गव्हर्नर झाले होते. २२ जुलैला ते फर्ग्युसन कॉलेज पाहायला आले. ग्रंथालयात गोगट्यांनी अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. फौजदारचाचांचे आवडते, न रुसणारे शस्त्र. तेही रुसले नाही. गोळी नेमकी छातीवर लागली. पण हॉटसनच्या खिशात एक पाकीटवही होती आणि तिला धातूचे बटण होते. गोळी त्यावर आपटली. हॉटसन वाचले आणि त्यांनीच पुढे होऊन गोगट्यांना धरले. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. ‘हॉटसन-गोगटे’ हे नाव महाराष्ट्राने त्यांना कायमचे दिले. अंतर बरोबर, नेम बरोबर, शस्त्र बरोबर, आणि आडवे आले एक बटण! त्या बटणाचा हिशेब कोणता नेमबाज करील?

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. २० जानेवारी १९४८ ची दिल्लीतली सकाळ. हिंदू महासभा भवनामागच्या रानात काही मराठी माणसे दोन रिव्हॉल्व्हर तपासत होती. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने न्यायालयात जे सांगितले, ते वाचताना मला आमचा ओटा आठवतो आणि अंगावर काटा येतो. एका रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट काम करीना. दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोहोचेना. मग तेलाची बाटली आणि चाकू मागवून दुरुस्ती सुरू झाली. त्या दिवशीचा बेत फसला. गांधीजी वाचले. मग नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाच्या शस्त्राच्या शोधात निघाले आणि ग्वाल्हेरला त्यांना ते मिळाले. इटलीच्या बेरेटा कारखान्याचे, १९३४ च्या नमुन्याचे, अर्धस्वयंचलित पिस्तूल. नंबर ६०६८२४. ३० जानेवारीच्या संध्याकाळी बिर्ला भवनात त्याच्या तीन गोळ्या सुटल्या. एकही अडकली नाही.

म्हणजे दहा दिवस आपल्या देशाचे नशीब दोन बिघडलेल्या शस्त्रांनीही तोलून धरले होते. शस्त्र चालावे अशी इच्छा माणूस करतो. ते चालू नये अशी इच्छा मी फक्त त्या एका पानाशी केली आहे. शेवट ठाऊक असूनही केली आहे.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. ते सांगायचे, त्या संध्याकाळी बातमी आली आणि मोहल्ल्यातली दारे धडाधड बंद झाली. ‘कोणी मारले?’ एवढा एकच प्रश्न. मारणारा कोण निघतो यावर आपल्या मुलाबाळांची रात्र ठरणार, हे सगळ्यांना कळत होते. कोणी चूल पेटवली नाही. ज्या घरी रेडिओ होता त्याच्या दारात माणसे श्वास रोखून उभी होती. आकाशवाणीने गांधीजींच्या मृत्यूबरोबरच मारेकरी हिंदू असल्याचेही सांगितले. ते मुद्दाम सांगितले गेले होते. त्या एका वाक्याने देशभर किती जीव वाचले असतील याची मोजदाद नाही. आजोबा म्हणायचे, ‘‘बातमी ऐकून आम्ही रडलो. पण बेटा, रडण्याआधी आम्ही सुटकेचा श्वास टाकला. त्याची लाज मला अजून वाटते.’’

आणि मग दुसरी दारे बंद झाली. मारणाऱ्याची जात कळली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावी ब्राह्मणांची घरे जळाली. ज्यांनी पिस्तूल डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांची वाडवडिलांची घरे आडनावापायी राख झाली. दोन दिवसांपूर्वी आमच्या दारामागे जी भीती होती तीच आता त्यांच्या दारामागे होती. आजोबांना हे समजत होते. ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

धिंग्रा, कान्हेरे, राजगुरू, गोगटे यांना आणि गोडसेला एका माळेत ओवण्याचा माझा हेतू नाही. परकी सत्तेशी झुंजणारे तरुण वेगळे आणि प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र म्हाताऱ्यावर गोळ्या झाडणारा वेगळा. पण शस्त्राला हा फरक कळत नाही. भरवशाचे पिस्तूल कोणाच्याही हातात भरवशाचेच असते. मालक त्याची परीक्षा अठरा फुटांपर्यंत घेऊ शकतो. त्यापुढे लालकाका असतात, चननसिंग असतो, एखादे बटण असते आणि भलत्याच गावातले जळणारे घर असते.

फौजदारचाचा आता नाहीत. बागायतदारांना ते प्रत्येक वेळी एक ताकीद द्यायचे, ती मात्र माझ्याजवळ राहिली आहे. ‘‘मालक, मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका. एक गोळी नळीत बसलेली असते. घरातले अपघात त्या एका गोळीनं होतात. आधी नळी बघा, मग पिस्तूल खाली ठेवा.’’

वाद कितीही रंगलेला असो, बागायतदार तेवढे मुकाट्याने ऐकत. पिस्तूल बाहेर काढून, तोंड जमिनीकडे धरून, वरचा भाग मागे ओढून नळी बघत. मगच चहाचा कप हातात घेत.