मधली भिंत कुणी पाडली?

आमच्या भाचीने बांद्याला सदनिका घेतली. नकाशा पुढे ठेवून ती म्हणाली, "मामा, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत काढली तर? काम करताना बाळावर लक्ष राहील." प्रश्न साधा; पण त्याच्या उत्तरात बराच इतिहास दडलेला आहे.

मुळात ही भिंत होती कशासाठी? तेरेखोल नदीकाठच्या या गावातील जुन्या घरांत पुढे पडवी, मग माजघर आणि मागे स्वयंपाकघर असे. छपराचा भार चिऱ्याच्या जाड भिंतींवर असे. भिंत काढायची म्हणजे छपरालाच हात घालायचा. दुसरे कारण चुलीचा धूर. काही धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई. उरलेला बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत. तिसरे कारण विज्ञानाचे नव्हते : बायकांनी आत राहावे, ही रीत.

पहिले कारण काँक्रीटने दूर केले. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. पोलादी सळई ताण सोसते. या जोडीतून खांब-तुळयांचा सांगाडा उभारण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये फ्रांस्वा एनबिक यांनी 1892 साली घेतले. भार खांबांवर गेला आणि भिंत नुसता आडपडदा उरली. शिकागोत फ्रँक लॉइड राइट यांच्या रॉबी हाउसमध्ये (1910) बैठक आणि जेवणघर एकाच लांब दालनात आले. स्वयंपाकघर मात्र वेगळेच राहिले! आपल्याकडे ते बाहेर यायला बिनधुराची शेगडी हवी होती. इंडेन गॅसची पहिली जोडणी कलकत्त्यात 1965 साली मिळाली; खेड्यापाड्यांत गॅस पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली.

मग भिंत काढावी का? ती भार पेलत नाही, हे आधी अभियंत्याने तपासावे. पण एक गोष्ट विसरू नये. कौलांच्या फटी गेल्या, तशी वाफेची वाटही गेली. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या एकत्र आल्या, की भिंतीवर बुरशी आलीच. थंड देशांत उबदार घर म्हणजे उष्णता धरून ठेवणारे घर. त्यांची चित्रे पाहून आपण जाड पडदे आणि गालिचे आणले, तर ऊब नव्हे, कुबट वास मिळेल. म्हणून शेगडीवर हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, समोरासमोरच्या खिडक्या कपाटांनी अडवू नयेत, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. ऊब हवी तर पिवळसर दिवा आणि लाकडी झोपाळा पुरे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पंखे बंद करून उदबत्ती पेटवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून आणि मग एक बंद करून धूर कुठे जातो ते मुलांना टिपायला सांगा.

अभियंत्याने होकार दिल्यावर भाचीने भिंत काढली. गृहप्रवेशाला आमची आई ओट्याशी चहा करीत होती आणि तिथूनच बैठकीतल्या गप्पांत भर घालीत होती. अशा गप्पा तिने जन्मभर भिंतीआडून ऐकल्या होत्या.