जुनी बास गिटार आणि तिची प्रतिकृती

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने पाइप ऑर्गनचा मान राखून उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने ख्रिस्तमंदिरात वाट दिली. पुण्यातील आमच्या गायकवृंदात बास गिटार आली ती त्या वाटेने. तरुणांना मात्र जुनी फेंडरच हवी! लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत चार तारांची ‘प्रिसिजन बास’ काढली आणि १९६५ साली कंपनी सीबीएसला विकली. पुढे घडण ढासळल्याची ओरड झाली, तसे आधीच्या वाद्यांचे मोल चढले. अखेर १९८२ साली त्याच कंपनीने १९५७ व १९६२ च्या नमुन्यांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. आकार, रोगण जुन्या धर्तीचे. हातांनी झालेली झीज तेवढी नाही. त्या जाड, मऊ नादाचे बरेचसे श्रेय सपाट गुंडाळीच्या तारांना आहे, असे आम्हांस वाटते; त्या नव्या वाद्यावरही चढतात. धर्मग्रामाच्या निधीतून घ्यावयाची तर प्रतिकृतीच घ्यावी.